अल्बममधून गाळलेल्या गाण्याचा अर्थ लावायचा तर सुरुवात कुठून करायची

आवडत्या कलाकाराचा अल्बम पाठ झालेला असतो आणि मग कधीतरी कळतं की त्याच वेळी रेकॉर्ड केलेलं अजून एक गाणं होतं, अल्बममध्ये घेतलंच नाही. मग काय, आपण फॅन लोक लगेच कामाला लागतो, का गाळलं, कोणाबद्दल होतं, काय लपवायचं होतं. नेरूळ-सीवूड्स आणि ठाण्याकडचे आम्ही काही जण रविवारी कोणाच्या तरी घरी जमून हेच करतो, मनापासून करतो, आणि त्यातून एक पद्धत बसत गेलीय ती इथे लिहितोय, कारण ग्रुपमध्ये नवीन येणारी पोरं थेट "कोणाबद्दल आहे" वर उडी मारतात आणि गाणं ऐकायचंच राहून जातं.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. गाणं का गाळलं हा एक प्रश्न आणि गाणं काय सांगतंय हा दुसरा प्रश्न, दोन्ही वेगळ्या पानांवर सोडवायचे. बहुतेक भलतेसलते अर्थ निघतात ते ही दोन पानं एकमेकांना चिकटल्यामुळे.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी बघा की तुम्ही ऐकताय ते नेमकं कुठलं व्हर्जन आहे. बॉब डिलनचं 'ब्लाइंड विली मॅकटेल' घ्या, १९८३ मध्ये 'इन्फिडेल्स'च्या वेळी रेकॉर्ड केलं, अल्बममध्ये घेतलं नाही, अधिकृतपणे बाहेर आलं ते थेट १९९१ ला. त्यात डिलन स्वतः पियानोवर आणि मार्क नॉफ्लर गिटारवर, बाकी कोणी नाही. मग २०२१ मध्ये त्याचाच पूर्ण बँडसोबतचा टेक, म्हणजे वेगळ्या वेळी केलेलं रेकॉर्डिंग, आला. गाणं तेच, पण एकात माणूस रात्री एकटा बसून बोलतोय असं वाटतं आणि दुसऱ्यात मागे ड्रम्स आहेत, पाय हलायला लागतो. आमच्याकडे एक ताई म्हणत होती हे शोकगीत आहे आणि एक दादा म्हणत होता छे, हा राग आहे, बराच वेळ वाद चालला, मग मोबाईल शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर दोघं वेगवेगळा टेक ऐकून आलेले. म्हणून टेक कुठला, कधीचा, कुठल्या रेकॉर्डवर आला हे वहीत वर लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं.

ह्यातच अजून एक, गाणं खरंच त्या माणसाचं आहे का ते तपासा. आता एआयने केलेली खोटी 'अनरिलीज्ड' गाणी सर्रास फिरतात, आवाज हुबेहूब असतो. बॉक्स सेट, डिलक्स एडिशन, सिंगलची बी-साईड (म्हणजे एका गाण्याच्या रेकॉर्डची मागची बाजू), कलाकाराचं स्वतःचं चॅनल, असा कुठलातरी धड पत्ता असला पाहिजे. आणि जे गाणं चोरून लीक झालंय ते पुढे ढकलू नका, आमच्या ग्रुपमध्ये हा नियम आहे आणि मला तो पूर्ण पटतो, ज्याने ते अर्धवट आहे म्हणून बाजूला ठेवलं त्याचाही काही हक्क आहे की नाही.

मग शब्द. लिरिक्सच्या साईटवरून कॉपी करू नका, प्लीज. गाळलेल्या गाण्यांचे शब्द छापलेले फारच कमी वेळा मिळतात, कोणीतरी कानाने ऐकून टाकलेले असतात आणि तीच चूक दहा ठिकाणी चिकटवलेली असते. दोन जणांनी वेगवेगळं बसून ऐकून लिहायचं आणि मग जुळवायचं. जिथे जुळत नाही तिथे गोल करा. त्या ओळीवर अर्थाची इमारत उभी करायची नाही, बस्स. हे काम घरी, दार लावून करा. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये हेडफोन लावून होत नाही, ऐरोली ते घणसोली आवाज असा असतो की अख्खी ओळ खाऊन जातो आणि आपलं डोकं ती जागा मनानेच भरून टाकतं.

वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात जे कानाला ऐकू येतं तेवढंच: शब्द, वाद्यं, आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो. दुसऱ्यात कलाकार किंवा रेकॉर्डिंगच्या वेळी हजर असलेली माणसं जे बोललीत ते. तिसऱ्यात आपलं मत. सगळी मजा तिसऱ्या रकान्यात आहे हे मला मान्य आहे, पण पहिले दोन रिकामे असतील तर तिसऱ्यात काही लिहायचं नाही. हा एकच नियम पाळलात तरी अर्धं काम झालं.

आता का गाळलं ह्या पानावर येऊ, कारण इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात. गाळलं म्हणजे लपवलं असं धरून चालतात. अहो, कितीतरी वेळा कारण निव्वळ मिनिटांचं असतं. आमच्या ग्रुपमध्ये नौपाड्याचे एक काका आहेत, त्यांच्याकडे अजून रेकॉर्ड प्लेयर चालू आहे, त्यांनी एकदा एलपी ट्यूबलाईटखाली तिरकी धरून दाखवली. गाण्यांच्या मधे चकचकीत पट्टे दिसतात ते आपल्याला माहीत असतं, पण नीट बघितलं तर जिथे आवाज मोठा आणि बेस भरपूर तिथे खाचा लांब लांब आणि जिथे शांत तिथे दाट. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बरी बसतात, त्यापुढे ताणलं की खाचा जवळ आणाव्या लागतात, मग आवाज कमी करावा लागतो, बेस कमी करावा लागतो. आणि सुई आत आत जाते तशी आवाजाची धार जाते, म्हणून बाजूचं शेवटचं गाणं बरेचदा शांत ठेवायचे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की साडेचार-पाच मिनिटांचं एक चांगलं गाणं का उडालं ह्यामागे दरवेळी कट शोधावासा वाटत नाही.

फ्लीटवुड मॅकचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. बँडची गायिका स्टीव्ही निक्सने त्याच बँडमधल्या लिंडसे बकिंगहॅमसोबतच्या ब्रेकअपवर लिहिलेलं, 'रूमर्स'साठी रेकॉर्ड झालं, आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये अल्बम आला तेव्हा त्यात नव्हतं, लांबीमुळे. तिच्याच एका छोट्या गाण्याला तिथे जागा दिली. तिला हे स्टुडिओच्या पार्किंगमध्ये सांगितलं गेलं आणि ती प्रचंड चिडली, तिनेच हे सांगितलंय, शिवाय ह्या गाण्याचे हक्क तिने आईला भेट दिले होते. म्हणजे का गाळलं ह्या पानावर उत्तर साधं आहे, मिनिटं. पण दुसरं पान बघा. हे गाणं सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं, आणि पुढच्या बाजूला काय, तर 'गो युअर ओन वे', म्हणजे बकिंगहॅमने त्याच ब्रेकअपवर लिहिलेलं गाणं! एकाच तबकडीच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला ती. हे कोणी मुद्दाम केलं की आपसूक झालं ते सोडा, पण ते उलटून ऐकलंत की तिचं गाणं उत्तरासारखं ऐकू येतं, आणि हा अर्थ तुम्ही ऐकून काढलेला आहे, गॉसिपमधून नाही. मग १९९७ चं लाईव्ह बघा, 'द डान्स'मधलं, ती शेवटाकडे त्याच्याकडे वळून गाते. वीस वर्षं मधे गेलीत. पहिल्या रकान्यात ह्याचीही नोंद करा, कारण त्या रात्रीचा आवाज स्टुडिओच्या आवाजापेक्षा खरखरीत आहे आणि शेवटचा भाग लांबवलाय.

ह्यापुढची पायरी माझी सगळ्यात आवडती. गाणं अल्बममध्ये परत बसवून बघा. प्लेलिस्ट करा, ज्या गाण्याने त्याची जागा घेतली ते काढा, हे टाका, आणि पूर्ण बाजू सलग ऐका, स्किप न करता. मग शेजारची गाणी बदलतात. कधी असं लक्षात येतं की हे गाणं इतकं जड आहे की पुढचं गाणं ऐकूच येत नाही, आणि तेव्हा गाळणाऱ्याचंही पटतं. क्रम लावणं हे खरंच वेगळं काम आहे, यू टूच्या 'द जोशुआ ट्री'चा क्रम गायिका कर्स्टी मॅककॉलने लावलाय, ती त्या बँडची नव्हती, अल्बमवर काम केलेल्या स्टीव्ह लिलीव्हाइटची बायको.

आणि यू टू निघालंच आहे तर, डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमवर तो अख्खा अल्बम वाजला. त्याच अल्बमच्या वेळचं 'स्वीटेस्ट थिंग' मात्र अल्बममध्ये नाही, १९८७ मध्ये ते बी-साईड म्हणून आलं आणि १९९८ मध्ये नव्याने रेकॉर्ड करून सिंगल म्हणून. हे बँडचा गायक बोनोने बायकोचा वाढदिवस विसरल्याबद्दल माफी म्हणून लिहिलेलं. इथे दुसरा रकाना पूर्ण भरलेला आहे, कोणाबद्दल ते माहीत आहे, का ते माहीत आहे. तरी ऐका, कारण कारण कळलं म्हणून गाणं संपत नाही. माफी मागणारा माणूस इतका खुशीत का गातोय हा प्रश्न उरतोच, त्याचं उत्तर तुम्हाला तालात शोधावं लागेल.

काही वेळा गाळलेलं गाणं मरत नाही, कपडे बदलून येतं. बीटल्सच्या जॉन लेननने १९६८ मध्ये ऋषिकेशला महर्षी महेश योगींचं प्रवचन ऐकून 'चाइल्ड ऑफ नेचर' लिहिलं, त्याच वर्षी मे मध्ये बँडमधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या इंग्लंडमधल्या ईशरच्या घरी त्याचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, केला. नोव्हेंबरमध्ये बीटल्सचा व्हाइट अल्बम आला, तीस गाणी, त्यात हे नाही. पण बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीचं 'मदर नेचर्स सन' आहे, तेही त्याच प्रवचनावरून सुचलेलं. माझ्या मते एका विषयावर दोन गाणी नकोत असं झालं असावं, आणि हे 'माझ्या मते' तिसऱ्या रकान्यात, शाई वेगळी. नंतर १९७१ मध्ये लेननने तीच चाल घेतली, शब्द सगळे बदलले आणि 'जेलस गाय' केलं. ऋषिकेशचा रस्ता गेला आणि तिथे संशयी नवऱ्याचा पश्चात्ताप आला. तेव्हा असं गाणं हाताशी आलं की दोन्ही शेजारी ठेवून चाल गुणगुणा, शब्दांशिवाय. त्या चालीत आधीपासून काय होतं, शांतपणा की कळ, हे तुमचं तुम्हाला सापडेल आणि तेच खरं मटेरियल आहे.

घरच्या मोठ्यांना ह्यात ओढायचं असेल तर 'पाकीज़ा' काढा. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये गेले, पिक्चर आला १९७२ मध्ये, आणि त्यांनी केलेली कितीतरी गाणी पिक्चरमध्ये आलीच नाहीत, ती १९७७ मध्ये 'पाकीज़ा रंग बरंग' नावाच्या वेगळ्या रेकॉर्डवर आली. आता पिक्चरच्या गाण्याचा अर्थ लावताना गायक-संगीतकाराचं चरित्र फार उपयोगी नाही, तिथे विचारायचं की हे कुठल्या प्रसंगात, कोणाच्या तोंडी बसलं असतं. आमच्याकडे आज्या-मावश्यांनी ह्यावर जे अंदाज बांधले ते आमच्यापेक्षा कितीतरी पक्के होते, कारण त्यांना पिक्चर सीनसकट पाठ.

चरित्राबद्दल मात्र सावध. तारखा जुळल्या म्हणजे अर्थ जुळला असं नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'द प्रॉमिस' १९७६ पासून तो स्टेजवर म्हणत होता, त्याच काळात जुन्या मॅनेजरसोबत त्याची कोर्टकचेरी चालू होती, १९७८ च्या अल्बममध्ये गाणं आलं नाही, मग फॅन्सनी ठरवूनच टाकलं की हे केसबद्दल आहे. त्याने स्वतः ते नाकारलंय. आता कलाकार बोलला म्हणजे शेवटचा शब्द असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्या रकान्यातलं वाक्य खोडून तिसऱ्यातलं तिथे लिहायचा अधिकार आपल्याला नाही. दोन्ही राहू द्या. आणि जिवंत माणसांच्या संसाराबद्दल अंदाज करायचे असतील तर ते वहीतच बरे, त्यांच्या पोस्टखाली जाऊन विचारू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

बसायचं कसं ते थोडक्यात. पहिल्यांदा ऐकताना कोणी बोलायचं नाही, चहासुद्धा नंतर. दुसऱ्यांदा कागद घेऊन. तिसऱ्यांदा भांडायचं. चार-पाच जणं पुरेत, त्यात एक जण असा हवा ज्याला तो कलाकार अजिबात माहीत नाही, कारण तोच विचारतो की "ही बाई कोणाशी बोलतेय?" आणि आपण फॅन लोक तो प्रश्न कधीच विसरलेलो असतो.

अर्थ लिहून काढलात की खाली तारीख आणि व्हर्जन टाका आणि वही ठेवून द्या, कारण ही गाणी परत येतात. रेडिओहेड ह्या बँडचं 'ट्रू लव्ह वेट्स' १९९५ पासून स्टेजवर होतं, मुख्यतः गिटारवर, स्टुडिओ अल्बममध्ये आलं ते २०१६ ला, पियानोवर, हळू. मधल्या वर्षांत लोकांनी ते गाणं आर्जव म्हणून ऐकलं, आणि पियानोवर आल्यावर बऱ्याच जणांना तो निरोप वाटला. अशा वेळी आधीचं पान फाडायचं नाही, नवीन पान उघडून वर नवीन व्हर्जन लिहायचं आणि परत पहिल्या रकान्यापासून सुरुवात करायची.