बास्केटबॉल शिकताना या चुका टाळा

फिटनेससाठी बास्केटबॉल सुरू करणारे बरेचजण पहिल्याच दिवशी थ्री-पॉइंट लाइनवर (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) जाऊन उभे राहतात. तिथून रिंग पावणेसात मीटर लांब. चेंडू पोचत नाही, मग तो अख्ख्या खांद्याने फेकला जातो आणि फेकायची ती सवय नंतर सुटता सुटत नाही. रिंगपासून दीड मीटरवर उभे राहा. तिथून दहापैकी सात पडायला लागले की एक पाऊल मागे सरका.

शॉट चुकला की नुसते हळहळू नका, चेंडू कुठे गेला ते बघा. रिंगच्या अलीकडेच पडतोय? मग गुडघे वाकत नाहीयेत. ताकद हातातून नाही, पायांतून यायला हवी. मागच्या कडेवर आदळून लांब उडतोय? बहुतेक वेळा शॉट सपाट जातोय. रिंगचा आतला व्यास ४५ सेंमी आणि चेंडू जेमतेम २४ सेंमीचा, म्हणजे वरून येणाऱ्या चेंडूला भरपूर जागा असते. सपाट येणाऱ्या चेंडूसाठी तेच तोंड अरुंद होते. हात वर नेऊन सोडा, आणि सोडल्यावर मनगट पुढे झुकलेलेच राहू द्या.

डावी-उजवीकडे जात असेल तर जरा बारकाईने बघावे लागते. चेंडूवरच्या रेघा आडव्या येतील असा तो बोटांच्या पेरांवर धरा. तळव्याला टेकू देऊ नका. सोडल्यावर रेघा सरळ तुमच्याकडे, उलट्या फिरताना दिसायला हव्यात. तिरक्या गरगरल्या तर आधाराच्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलतोय. त्यावर उपाय: रिंगच्या पुढ्यात उभे राहून २० शॉट एकाच हाताने घ्या, दुसरा हात चेंडूपासून दोन बोटे लांब. कंटाळवाणे आहे, पण दोष जातो.

ले-अपमध्ये, म्हणजे धावत येऊन रिंगजवळ उडी मारत टाकायच्या शॉटमध्ये, पाऊल चुकते. उजव्या हाताने टाकायचा तर आधी उजवा पाय, मग डावा, आणि उडी डाव्यावरून. घाईत नेमके उलटे होते. आधी चेंडूशिवाय, चालत चालत करा. चेंडू रिंगवर नको, बोर्डवरच्या चौकटीच्या आपल्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर हलकेच ठेवा.

ड्रिबल करताना, म्हणजे चेंडूचे टप्पे पाडत खेळताना, नजर चेंडूवर आणि टप्पा छातीपर्यंत, ही जोडगोळी प्रत्येक नवख्याकडे असते. टप्पा कमरेखाली ठेवा, चेंडूला थापट्या मारू नका, बोटांनी दाबा. समोर मित्राला उभे करून त्याने दाखवलेली बोटे मोजत ड्रिबल करा, मान आपोआप वर राहते. एकदा चेंडू दोन्ही हातांत धरला की पुन्हा ड्रिबल नाही, हेही सुरुवातीलाच अंगवळणी पाडा.

तासभर उभ्या उभ्या शॉट मारले तर व्यायाम झाला असे म्हणणे धाडसाचे आहे. पाच शॉट, मग मधल्या रेषेपर्यंत धावत जाऊन परत, आणि धाप लागलेली असतानाच दोन फ्री थ्रो (रिंगसमोरच्या ठरावीक रेषेवरून, कुणी न अडवता घ्यायचे शॉट). अशा आठ फेऱ्या करा. सहाजण जमले तर अर्ध्या कोर्टवर तीन-तीन जणांचा सामना लावा, १० मिनिटांचा किंवा २१ गुणांचा. त्यात लपायला जागाच नसते.

दुखापतीचे मूळ बहुधा बुटात आणि उतरण्यात असते. धावायचे बूट सरळ पळण्यासाठी असतात. त्यांच्या जाड, मऊ टाचेमुळे बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो. रुंद, सपाट तळव्याचे बूट घ्या. उडीनंतर शक्यतो दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरा. गुडघे आत वळू देऊ नका. सिमेंटच्या कोर्टवर हे दुप्पट पाळा, आणि पावसाने ओला झालेला कोर्ट असेल तर त्या दिवशी सुट्टीच घ्या. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील तर गरम पाण्याचा शेक देत बसू नका, एक्स-रे काढा.

चेंडू पुरुषांसाठी ७ नंबरचा, महिलांसाठी ६, लहान मुलांसाठी ५. सिमेंटवर रबरी घ्या, महागडे कव्हर तिथे लवकर झिजते. खांद्याच्या उंचीवरून सोडल्यावर टप्पा साधारण कमरेपर्यंत यावा. त्याहून खाली राहिला तर हवा भरा, आणि पंपाची सुई आत घालण्याआधी ओली करा. कोरडी सुई घुसवली की व्हॉल्व्हचे रबर फाटते आणि चेंडूतली हवा टिकत नाही.