बूट काढायच्या आधी 10 शब्द
नवीन भाषेसाठी वेगळा टाइम काढू म्हटलं की तो कधीच निघत नाही, त्यापेक्षा रोज पळायला जाताच तर भाषा त्यालाच चिकटवून टाका. पळून आलात की बूट काढायच्या आधी, पायरीवर बसूनच, घाम पुसत पुसत 10 शब्दांची कार्डं (एका बाजूला शब्द, मागे अर्थ). तीच परत उद्या, मग 3 दिवसांनी, मग आठवड्याने, कारण विसरायच्या बेतात असलेला शब्द जोर लावून आठवला की पक्का बसतो. पळताना ऐकायचं तर आधी ऐकलेलाच धडा लावा, नवं व्याकरण तेव्हा डोक्यात शिरत नाही (माझ्या तरी नाही), आणि त्याच्या मागोमाग मोठ्याने बोला, वाक्य मधेच तुटायला लागलं की समजा पळण्याचा स्पीड जास्त झालाय. रस्त्यावर इअरफोन एकाच कानात. पळणं बुडलं त्या दिवशीही नुसते बूट घालून बसा आणि कार्डं उरका.