इंग्रजीवरून वाद पेटला तर काय करायचं

मी कोल्हापुरात राजारामपुरीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते. दिवसभर अभ्यासिकेत पेटलेली भांडणं संध्याकाळी माझ्या दारात येतात. 'मॅडम, मी म्हणतोय बरोबर, हा म्हणतोय चूक.' मी आधी विचारते, चूक, पण कुठं? बोलताना, लंडनला, की पेपरात? बरेच वाद तिथंच थंड होतात.

पहिलं काम, वादातलं अख्खं वाक्य वहीत लिहा. सुटा शब्द घेऊन बसलात तर रात्र जाईल. 'हॅविंग चालतं का' याला उत्तरच नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चालत नाही, कारण तिथं भाऊ असण्याची गोष्ट आहे. 'आय ॲम हॅविंग ब्रेकफास्ट' चालतं, कारण तिथं खाणं सुरू आहे.

मग शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी इंटरनेटवर फुकट बघता येते. नुसता अर्थ वाचून मिटू नका, भांडणाचं उत्तर अर्थाच्या आजूबाजूला असतं. इन्फॉर्मेशनला 'अनकाउंटेबल', म्हणजे न मोजता येणारं नाम, अशी खूण असते, म्हणून 'इन्फॉर्मेशन्स' बाद. डिस्कसखाली 'डिस्कस समथिंग विथ समबडी' असा साचा असतो, त्यात अबाउट नाही. पण डिस्कशन हे नाम बघा, तिथं अबाउट येतं. एकानं नाम बघितलेलं असतं, दुसऱ्यानं क्रियापद, आणि दोघं टेबल बडवत असतात.

काही भांडणं तर आपल्या मराठीनंच लावलेली. 'तीन वर्षांपासून' आणि '2022 पासून', आपलं एकाच 'पासून'वर भागतं. इंग्रजी कालावधीला फॉर लावते आणि सुरुवातीच्या वेळेला सिन्स. 'सिन्स थ्री इयर्स'वर चर्चा नको, पाठ करा.

खरी गंमत शब्दकोशात दोन्ही रूपं सापडली की. तेव्हा देश बघायचा. हे कोल्हापुरात समजावायला सोपं जातं. आमच्या घरी आई 'मी आलो' म्हणते, मीही म्हणतो! पुण्याची पाहुणी हसते. लिहिताना मात्र मी 'आले' लिहिते. यात मराठी कुणाचं चुकलं? तसंच 'आय हॅव जस्ट ईटन' हा ब्रिटिश वळणाचा प्रयोग, अमेरिकन माणूस सहज 'आय जस्ट एट' म्हणून जातो. ब्रिटिशांना टीमपुढे 'आर' चालतं, अमेरिकन बहुधा 'इज' म्हणतात. विश्वास नसेल तर पुस्तकांत कुठला शब्दप्रयोग किती येतो ते दाखवणाऱ्या गूगल बुक्स एनग्राम व्ह्यूअरमध्ये 'डिफरंट टू' आणि 'डिफरंट दॅन' टाका, एकदा ब्रिटिश पुस्तकं निवडून, एकदा अमेरिकन. आलेखातला फरक डोळ्यांना दिसतो. फक्त तो छापील पुस्तकांचा आहे, कट्ट्यावरच्या बोलण्याचा नव्हे.

काही नियम मात्र नुसते सोवळ्याचे. वाक्य प्रीपोझिशननं (ॲट, विथ अशा शब्दानं) संपवू नये, ही कुरकुर इंग्रज कवी ड्रायडननं 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या ओळींवर केली आणि पुढं मास्तरांनी तिचा नियम केला. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' हे चोख इंग्रजी आहे. लेस आणि फ्यूअरचंही तेच. 1770 मध्ये इंग्रजीवर पुस्तक लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरनं मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी फ्यूअर बरं वाटतं, एवढीच आपली पसंती सांगितली होती. तरी परीक्षेत तो प्रश्न आला तर गुमान फ्यूअरला टिक करा. 'इफ आय वॉज' बोलण्यात सर्रास चालतं, पण पेपरात 'इफ आय वर'च धरा. तिथं क्रांती करून मार्क घालवायचे नसतात.

आणि लोकसेवा आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेत उत्तर चुकलंय असं वाटलं, तर हरकत घेताना 'आमच्या मॅडम म्हणाल्या' हा पुरावा होत नाही. शब्दकोशाचं नाव, आवृत्ती, पान आणि तिथलं उदाहरण जोडा. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं ठेवा. सोयीसाठी एक शब्द बदललात की हरकतीत दम राहत नाही. हरकतींना दिवस थोडे मिळतात, म्हणून शंका असलेल्या प्रश्नांची पानं पेपर सुटला त्याच संध्याकाळी शोधून फोटो काढून ठेवा.