आधी मान वाचा, मग आटे फिरवा

मालवणात डायव्हिंगच्या कामाला लागलो ते समुद्र बघायला. पहिला हंगाम गेला कॉम्प्रेसरच्या खोलीत डायव्हरच्या हवेच्या टाक्या भरण्यात. तिथेच एकदा जुन्या खोक्यातला व्हॉल्व्ह रिकाम्या टाकीवर बसवत होतो. दोन-तीन आटे घेतले, पण हाताला ढिला लागत होता. वाटलं, घट्ट आवळला की बसेल. मागून आवाज आला, "मेल्या, मानेर काय लिवलेला आसा ता आधी वाच!"

टाकीच्या मानेचे आटे पाऊण इंची (हे नुसतं नाव, प्रत्यक्ष माप मोठं), व्हॉल्व्ह एम२५×२, म्हणजे २५ मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांचा. साधारण २६ मिलिमीटरच्या भोकात २५ चा व्हॉल्व्ह थोडा फिरतो, थोडा धरतोही. २०० बार दाबाने हवा भरली की तोफगोळ्यासारखा सुटू शकतो. आट्यांचं माप दोघांवरही कोरलेलं असतं. ते जुळलं नाही, तर व्हॉल्व्ह कितीही चांगला असो, तो त्या टाकीचा नाही.

नवा व्हॉल्व्ह घेताना डिन की ए-क्लॅम्प, हा वाद फार रंगतो. श्वास घ्यायचा रेग्युलेटर डिनमध्ये व्हॉल्व्हच्या आत आट्यांनी बसतो, ए-क्लॅम्पमध्ये बाहेरून पकडीने आवळतो. ए-क्लॅम्पची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, व्हॉल्व्हच्या तोंडात बसते, त्यामुळे भाड्याच्या टाक्यांवर तीच आधी हरवते. डिनची रेग्युलेटरवर असते. मी इन्सर्टवालाच, म्हणजे तोंडात काढता-घालता येणारा तुकडा असलेला घेतो: अ‍ॅलन कीने इन्सर्ट काढला की डिन, बसवला की ए-क्लॅम्प.

सर्व्हिसिंगला टाकी पूर्ण रिकामी हवी. हवा हळूहळू सोडा; आवाज थांबला म्हणून लगेच पाना लावू नका. स्पिंडल (मुठीचा दांडा), सीट (हवा बंद करणारा भाग), ओ-रिंगा सुट्ट्या करा. हिरवा गंज आणि मीठ पातळ व्हिनेगरमध्ये सुटतं, मग गोड्या पाण्याने धुऊन नीट वाळवा. तारेचा ब्रश नको, सीलच्या जागी ओरखडे पडतात. जुनी ओ-रिंग 'चांगली दिसते' म्हणून परत घालणं हा शुद्ध कंजूषपणा. सिलिकॉन ग्रीस बोटाला जेमतेम लागेल एवढंच. जास्त ऑक्सिजनच्या टाकीला तर ते अजिबात चालत नाही, आगीची भीती असते. आतली डिप ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हखाली टाकीत उतरणारी छोटी नळी, विसरू नका. टाकी उलटी झाली की गंजाचा चुरा तीच अडवते.

दोन टाक्या जोडणारा नळ, म्हणजे मॅनिफोल्ड, आपल्याकडे कमीच दिसतो. त्याच्या मधला व्हॉल्व्ह, आयसोलेटर, बंद केला की गळती एका टाकीपुरती राहते. मात्र गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात छताला घासून पुढे जाताना डाव्या बाजूच्या व्हॉल्व्हची फिरवायची मूठ आपोआप बंद होऊ शकते, तिच्यावर हात ठेवून खात्री करायची सवय लावा.

आणि मूठ पूर्ण उघडा. पाव फेरा मागे घेण्याची जुनी शिकवण मी सोडली, कारण त्या सवयीत कधी तरी बंद मूठ पाव फेराच उघडली जाते. होडीत गेजकडे (दाब दाखवणाऱ्या काट्याकडे) बघत रेग्युलेटरमधून दोन मोठे श्वास घ्या: काटा खाली जाऊन परत वर आला, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे.