नॅस घेतला, पण फोटो चढेनात

२०१९ च्या पुरात सांगलीच्या घरातले अल्बम भिजले. वाचलेले फोटो स्कॅन केले आणि त्यांच्यासाठी दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची साठवणपेटी, घेतला. ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा; जागा ४ टीबीच मिळते, पण एक डिस्क गेली तरी फोटो शाबूत. ठेवला अर्थातच वरच्या मजल्यावर!

कॉपी मात्र सेकंदाला ११ एमबीच्या पुढे सरकेना. दोन दिवस डिस्कला शिव्या घातल्या. मग राउटरमध्ये पाहिलं, तर लिंक १०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून जेमतेम १२ एमबी. वायरचा प्लग उजेडात धरला: आठपैकी चारच तारा बसवलेल्या. गिगाबिटला, म्हणजे दहापट वेगाच्या लिंकला, आठही लागतात. नवी कॅट ६ वायर टाकली, वेग सेकंदाला ११० एमबीवर.

चुकून डिलीट केलेला फोटो रेडमध्ये दोन्ही डिस्कवरून जातो, म्हणून एक प्रत साताऱ्याला ताईकडे ठेवलीय.