कार्बन चक्राचा खेळ वर्गात घेताय? या चुका टाळा

नववीच्या विज्ञानात कार्बन चक्र आहे. मुलं आकृती बाणांसकट पाठ करतात, पेपरात गुणही मिळवतात. पण त्या आकृतीत सगळे बाण सारखेच जाड असतात. कुठे किती कार्बन साठलाय आणि तो किती वेगाने हलतो, हे त्यातून कळायला मार्गच नाही. फाशांचा खेळ किंवा संगणकावरचं सिम्युलेशन घ्यायचं ते याचसाठी. आणि खेळ घेताना होणाऱ्या बहुतेक चुका नेमका हाच मुद्दा मारून टाकतात.

मुलं कंटाळतात म्हणून नियम सोपे करणं

खेळ बहुतेकांना माहीत असेल. प्रत्येक मूल म्हणजे कार्बनचा एक अणू. हवा, झाडं, प्राणी, माती, समुद्राचा पृष्ठभाग, खोल समुद्र, जीवाश्म इंधन असे थांबे. फासा टाकायचा, थांब्यावरचा तक्ता बघायचा, सांगितलं असेल तिकडे जायचं किंवा तिथेच थांबायचं. दर फेरीला थांब्याच्या रंगाचा एक मणी दोऱ्यात ओवायचा.

खोल समुद्रात गेलेली मुलं अडकतात. सहापैकी पाच वेळा ‘इथेच थांबा’. कुरकुर सुरू होते, आणि सगळ्यांना सगळीकडे फिरायला मिळावं म्हणून बाई किंवा सर तक्ताच बदलतात. कृपया बदलू नका. खोल समुद्रातला कार्बन शेकडो वर्षं वर येत नाही. चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. एकाच रंगाच्या मण्यांची लांबलचक माळ हा त्या मुलाचा निष्कर्ष आहे. ती सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवायला सांगा.

उलट जीवाश्म इंधनाच्या थांब्यावर एका फाशाने भागतच नाही. दोन फासे द्या आणि दोन्हींवर सहा पडले तरच बाहेर सोडा. ही शक्यता ३६त एक. थोड्या फेऱ्या झाल्या की जाहीर करा, ‘वीजकेंद्र सुरू झालं’, आणि त्या थांब्यावर एकच फासा ठेवून ४, ५, ६ पडलं की बाहेर, असा नियम करा. हवेच्या कोपऱ्यात गर्दी कशी वाढते ते मुलं स्वतः मोजतील. पटसंख्या साठच्या घरात असेल तर हवेचा थांबा व्हरांड्यात मांडा.

झाडाकडून हवेकडे परतीचा रस्ताच नसणं

अनेक तक्त्यांत झाडातला कार्बन फक्त प्राण्याच्या पोटात जातो. प्रत्यक्षात झाड जेवढा कार्बन घेतं त्यातला निम्म्याच्या आसपास स्वतःच्या श्वसनातून परत सोडतं, तेही दिवसा आणि रात्री. म्हणून झाडाच्या फाशाचे तीन आकडे हवेकडे वळवा. जमिनीवर उरलेल्यातला बराच मोठा भाग प्राणी खातच नाहीत; पाचोळा होऊन तो बुरशी आणि जिवाणूंकडे जातो. मातीचा थांबा वगळला तर खेळ अर्धा राहतो.

खेळ झाला, मोजणी राहिली

तास संपायच्या आत किमान १५ मिनिटं मोजणीला ठेवा. मला इथे चिंचोके फार उपयोगी वाटतात. एक चिंचोका म्हणजे १० अब्ज टन कार्बन. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत साधारण ६० चिंचोके होते, आज सुमारे ९०. जमिनीवरची झाडं वर्षाला जवळपास १२ चिंचोके हवेतून उचलतात. श्वसन, कुजणं आणि वणवे मिळून जवळपास तेवढेच परत करतात. आपण इंधन जाळून वर्षाला एकच टाकतो. ‘एवढासाच?’ असं कुणीतरी विचारेलच, आणि तो प्रश्न यायलाच हवा. बाराच्या येण्याजाण्याचा हिशेब जवळपास जुळतो. या एकातला मात्र अर्धा चिंचोका हवेतच उरतो, दरवर्षी साठत जातो. बाकीचा समुद्र आणि जमीन शोषून घेतात. समुद्रात मुळातच जवळजवळ ३,८०० चिंचोके आहेत. मोजत बसू नका, एक गोणी दाखवा.

आकडे जुळत नसतील तर एकक तपासा. कुठे कार्बनचे टन दिलेले असतात, कुठे कार्बन डायऑक्साइडचे. १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून १० अब्ज टनांचे जवळपास ३७ अब्ज टन दिसतात.

संगणकावर भलतंच सिम्युलेशन लावणं

‘फेट’ (PhET) या विज्ञानाच्या मोफत सिम्युलेशनांच्या संकेतस्थळावरचं हरितगृह परिणामाचं सिम्युलेशन सुंदर आहे, पण ते उष्णता कशी अडते ते दाखवतं. कार्बन कुठून आला, कुठे गेला हे त्यात नाही. ते दुसऱ्या तासाला घ्या. शाळेत नेट दगा देतं म्हणून आधीच उतरवून ठेवा, ऑफलाइन चालतं. सरकपट्टी हलवण्यापूर्वी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावा, नाहीतर मुलं नुसती पट्टी मागेपुढे करत राहतात. ओझोनचं छिद्र मध्ये आलं तर तो वेगळा विषय आहे हे तिथल्या तिथे सांगून पुढे जा.

‘कळलं का?’ विचारून तास संपवणं

‘हो’ असंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, वडाच्या झाडाच्या सुक्या लाकडाचं वजन मुख्यतः कुठून आलं? ‘मातीतून’ म्हणणारे हात जास्त असतील तर हवा आणि झाड एवढ्या दोनच थांब्यांचा खेळ दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.