नव्या नोकरीत गरोदर आहात? या चुका टाळा

पुण्यात सोळा वर्षं एचआरमध्ये काढली. ‘मॅडम, थोडं बोलायचं होतं’ म्हणत दार लोटून आत आलेल्या मुली पुष्कळ पाहिल्या. बातमी आनंदाची, पण चेहरा काहीतरी गुन्हा केल्यासारखा. माफी मागत सांगू नका, एवढं आधी सांगते.

सगळ्यात महागात पडते ती दिवस न मोजण्याची चूक. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असेल, तरच पगारी रजेचा हक्क लागू होतो. २०१७ पासून दोनपेक्षा कमी मुलं असणाऱ्या बाईला २६ आठवडे मिळतात, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. ८० दिवसांचं कुणी विचारत नाही. जुन्या कंपनीतले दिवस यात धरत नाहीत.

आमच्याकडची एक मुलगी ग्रुपच्याच दुसऱ्या कंपनीत टीम लीड म्हणून गेली. इकडे राजीनामा, तिकडे नवं नेमणूकपत्र. इमारत तीच, फक्त मजला बदलला. तेव्हा तिला पाचवा महिना होता. आठव्यात बीपी वाढलं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. हजेरी काढली तर ७१ दिवस. नऊ दिवस कमी! आधीची सहा वर्षं कागदावर दुसऱ्याच मालकाची होती. बदलीच्या पत्रात ‘सेवा सलग धरली जाईल’ एवढं एक वाक्य असतं तर प्रश्नच आला नसता. शेवटी मी वरपर्यंत भांडले तेव्हा निम्मी रजा पगारी झाली. ती रडली नाही, नुसती हजेरीच्या कागदावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा मोजत राहिली. ते बोट मला आजही दिसतं.

म्हणून माझी सवय सांगते. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर लाल गोल करा आणि तिथून मागे येत कामाचा एकेक दिवस पेन्सिलीने खूण करत मोजा. बिनपगारी रजा मोजू नका. ८० वर थांबू नका, पंधरा-वीस दिवस जास्तीचे हाताशी असू द्या. मोबाइलवर अंदाजाने मोजणाऱ्या मुली हमखास चुकतात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर मामला ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा) आणि त्याचा हिशेब वेगळा, तो आधीच विचारून घ्या.

दुसरी चूक कॅन्टीनमधली. शेजारच्या मैत्रिणीला आधी सांगायचं आणि साहेबांना चार दिवसांनी तिसऱ्याच माणसाकडून कळायचं. नव्या जागी ओळख बनायच्या आतच असा विश्वास तुटला की तो परत जुळवायला फार वेळ लागतो. आधी वरिष्ठांना समोर बसून सांगा आणि त्याच दिवशी एचआरला मेल करा: अपेक्षित तारीख, रजा कधीपासून हवी (बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येते) आणि काम कुणाकडे सोपवता येईल. मेलची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकून मोकळं होण्याची घाई मला अजिबात पटत नाही.

‘तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही’ हे घरच्यांचं म्हणणं मी मानते. पण रात्रपाळी असेल, प्रयोगशाळेत रसायनं हाताळायची असतील, तर थांबू नका. पोटातल्या जिवाला तुमचा मुहूर्त कळत नाही.

मुलाखतीत सांगणं बंधनकारक नाही. एलआयसीने काढून टाकलेल्या एका नवख्या कर्मचारी बाईला १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने परत कामावर घ्यायला लावलं आणि अर्जातले पाळी-गरोदरपणाचे प्रश्न गाळायला सांगितले. तरी खोटं लिहू नका, रकाना रिकामा ठेवा.

‘महिन्याभरात परत येते’ असं कबूल करू नका. बाळंतपणानंतर ६ आठवडे तुम्हाला कामावर घेणं कायद्यानेच मना आहे.

जुन्या ऑफिसचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. नव्या पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च धरलाय का, हे रुजू व्हायच्या आधी लेखी विचारा.

आणि कुणी गोड बोलून राजीनाम्याचा कागद पुढे केला, तर तिथल्या तिथे सही करू नका. ‘घरी वाचून उद्या देते’ म्हणायचं आणि हे कशासाठी मागताय, ते मेलवर लिहून मागायचं.